बाबांच्या जागी मी आलो

कापसाचे दिवस. आदिलाबादच्या मार्केट यार्डाबाहेर गाड्यांची रांग लागलेली, आणि तिकडे बेला मंडलातल्या एखाद्या गावात देवळाच्या ओट्यावर भजन मंडळाच्या कार्यकारिणीची सभा. सात सभासद, त्यांतले सहा आलेले. सातव्याच्या ऐवजी त्याचा पोरगा उभा.

"बाबा कुठी गेले रे?"

"कापूस घेऊन आदिलाबादले गेले, काका. मलेच पाठवलं त्यायनं."

"बरं, बस मंग."

पोरगा बसतो. चहा होतो. मंडळाच्या मालकीचं दोन एकर वावर पुढच्या तीन वर्षांसाठी मक्त्यानं कुणाला द्यायचं, हा विषय निघतो. हात वर होतात. चार विरुद्ध तीन. चारांतला एक हात पोराचा. दुसऱ्या दिवशी हरलेल्या बाजूचा एक जण चिटणिसाला गाठतो : "भाऊ, पोराचं मत कसं काय धरलं?"

प्रसंग कल्पित आहे, पण संस्था चालवलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. आदल्या दिवशी "बस मंग" म्हणणाऱ्यांत हा प्रश्न विचारणाराही असतो, हेही ओळखीचंच.

गावाचा हिशेब सरळ असतो. वर्गणी घरटी, भंडाऱ्याचं पीठ घरटी, श्रमदानाला माणूसही घरटी एक. घरातला कोण आला याला फारसं महत्त्व नाही, घर आलं की झालं. याच जिल्ह्यात इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला पुष्य महिन्यात नागोबाची जत्रा भरते. ती मेश्राम कुळातल्या गोंडांची. कुळात नव्यानं आलेल्या सुनांची तिथे देवासमोर रीतसर भेट घडवतात आणि मगच त्या पूजेतल्या वाटेकरी होतात. म्हणजे तिथला अधिकार घरातून, कुळातून येतो. अर्ज भरून, पावती फाडून येत नाही. अशा व्यवस्थेत बापाच्या जागी लेक बसला तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण जागा मुळात बापाची नसतेच, घराची असते.

अडचण संस्था नोंदवली की सुरू होते. नोंदणीच्या कागदावर घराला जागा नसते. तिथे नाव, वय, धंदा, पत्ता आणि सही लागते. सभासद होतो तो माणूस. त्यामुळे बदली आलेल्याला मत आहे का, हे ठरवण्याआधी ज्या खुर्चीवर तो बसलाय ती कुणाच्या मालकीची, हे पाहावं लागतं. ती एका माणसाची असेल, एखाद्या पदाची असेल, किंवा दुसऱ्या संस्थेची असेल. या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत, आणि बहुतेक भांडणं ती एकमेकांत मिसळल्यानं होतात.

आधी कायदा कोणता ते पाहू. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठीच बोलली जाते, पण कायदा राज्याच्या सीमेवर बदलतो. महाराष्ट्राच्या बाजूला यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरच्या संस्थांना १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि त्यावर १९५० चा महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू. सीमेपलीकडचं आदिलाबाद हा निजामाच्या राज्याचा भाग होता. तिथे १३५० फसलीचा, म्हणजे १९४०-४१ च्या सुमाराचा, हैदराबाद संस्थानाचा स्वतंत्र संस्था नोंदणी कायदा होता. तो जाऊन २००१ मध्ये आंध्र प्रदेशाचा नवा कायदा आला आणि २०१४ नंतर तोच तेलंगणाचा झाला. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे जुन्या संस्थांची मूळ कागदपत्रं आज महाराष्ट्रात आणि भाषा उर्दू असंही होऊ शकतं. आजच्या तेलंगणात किमान सात माणसं, संस्थेचं उद्देशपत्र आणि नियमावली घेऊन जिल्हा रजिस्ट्रारकडे जायचं. सभासदांत वाद झाला तर त्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे लवाद किंवा जिल्हा न्यायालय. महाराष्ट्रात हीच माणसं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्टच्या, म्हणजे विश्वस्तांमधले बदल नोंदवायच्या अर्जाच्या, सुनावणीला बसलेली दिसतील.

दोन्हीकडे एक सूत्र मात्र सारखं चालतं : सभेत स्वतः हजर राहून मत द्यायचं, आणि दुसऱ्यामार्फत मत देण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो कायद्यानं किंवा संस्थेच्या नियमावलीनं दिलेला असावा लागतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयानं १८८३ मध्ये हार्बेन विरुद्ध फिलिप्स या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं. अमेरिकन लष्करातला अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट यानं १८७६ साली सभाशास्त्रावर जे पुस्तक काढलं, त्याच्या परंपरेतही हाच नियम आहे. कारण साधं आहे. सभा म्हणजे नुसती मतमोजणी नसते. ऐकून, बोलून, प्रसंगी मत बदलून निर्णय घ्यायची ती जागा असते. घरूनच "हो म्हणून ये" असं सांगून पाठवलेला माणूस चर्चा ऐकतो खरा, पण त्याचं मत चर्चेच्या आधीच ठरलेलं असतं. नियमावली गप्प असेल तर बदली माणसाला मत नाही. इतकंच काय, तो कोरममध्येही धरायचा नाही.

गप्प नियमावल्या फार. सातजण जमतात, कुणाकडून तरी तयार नमुना आणतात, नाव-गाव बदलतात आणि नोंदवून मोकळे होतात. सभा किती दिवसांच्या सूचनेनं बोलवायची हे त्यात असतं, पण कुणी आलं नाही तर काय, याबद्दल एक ओळ नसते. "सलग तीन सभांना गैरहजर राहिल्यास पद रद्द" एवढं मात्र हमखास असतं. मग पद वाचवायला पोराला पाठवणं ओघानंच आलं.

गंमत म्हणजे १८६० च्या कायद्याला दुसऱ्यामार्फत दिलेलं मत अगदीच अमान्य नाही. संस्थेचे उद्देश बदलायचे, दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं किंवा संस्थाच विसर्जित करायची, या थोड्या प्रसंगी सभासदांपैकी तीन-पंचमांश मतं लागतात, आणि ती स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत देता येतात असं १२ व्या आणि १३ व्या कलमात लिहिलेलं आहे. हे तिन्ही निर्णय सभासदांच्या सभेचे, कार्यकारिणीचे नव्हेत. संस्थेच्या जन्ममरणाचा प्रश्न असेल तर दूर गेलेल्याचाही आवाज यावा, पण वावर कुणाला द्यायचं यासाठी नाही, असा त्यातला विवेक मला दिसतो. त्याच कायद्याचं १५ वं कलम तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकवलेल्याला मतच देत नाही. बापाची वर्गणी थकली असेल तर पोराच्या मताचा प्रश्न तिथेच संपतो.

विश्वस्तांच्या बाबतीत नियम सगळ्यांत कडक. विश्वस्ताची खुर्ची शंभर टक्के माणसाची असते. देणगीदारानं किंवा घटनेनं त्या माणसाच्या शहाणपणावर भरवसा टाकलेला असतो. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं ४७ वं कलम विश्वस्ताला आपलं काम दुसऱ्यावर सोपवू देत नाही आणि ४८ वं कलम सगळ्या विश्वस्तांनी मिळून काम करावं म्हणतं. अपवाद मोजकेच. तो कायदा खाजगी न्यासांचा, पण सार्वजनिक न्यासांच्या बाबतीतही न्यायालयं याच तत्त्वाचा आधार घेतात. शेख अब्दुल कयूम विरुद्ध मुल्ला अलीभाई या खटल्यात, साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की विश्वस्तांना आपली कर्तव्यं आणि अधिकार दुसऱ्या मंडळींच्या हवाली करता येत नाहीत. विश्वस्त आजारी असेल तर सभा पुढे ढकला, नाहीतर त्यानं राजीनामा द्यावा. मुखत्यारपत्र करून भाच्याला पाठवणं हा उपाय नव्हे. स्टॅम्प पेपरवर लिहिलेलं मुखत्यारपत्र पाहिलं की लोक दबकतात, पण शेत विकण्याचा अधिकार देता येतो म्हणून विश्वस्तपदाचा विवेकही उसना देता येईल असं नाही.

पदाच्या खुर्चीचं प्रकरण सोपं आहे. वनहक्क कायद्याखालची जिल्हा समिती घ्या. पोडू, म्हणजे जंगल साफ करून केलेल्या शेतीमुळे आदिलाबादेत ती सगळ्यांच्या ओळखीची. जिल्हाधिकारी अध्यक्ष, विभागीय वनाधिकारी, आदिवासी कल्याणाचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे तीन सदस्य. बदली होऊन नवा वनाधिकारी आला की तो आपोआप सदस्य, नवा ठराव लागत नाही. रजेच्या काळात रीतसर प्रभार दिलेला अधिकारीही त्या खुर्चीवर बसतो, कारण त्या दिवशी पद त्याच्याकडे आहे. पण "साहेब मीटिंगला आहेत, तुम्ही जाऊन या" म्हणून आलेला कारकून म्हणजे पद नव्हे. त्यानं माहिती द्यावी, टिपणं घ्यावी. जिल्हा परिषदेचे तीन सदस्य मात्र निवडलेली माणसं, त्यांच्या जागी भाऊ येऊ शकत नाही. एकाच टेबलाभोवती अशा दोन तऱ्हांच्या खुर्च्या मांडलेल्या असतात.

खरी मजा तिसऱ्या प्रकारात आहे. तेलंगणातल्या महिला बचत गटांची रचना पाहा. गट, त्यांच्यावर ग्रामसंघ, त्यावर मंडल समाख्या, त्यावर जिल्हा समाख्या. महाराष्ट्रात ग्रामसंघावर प्रभागसंघ. ग्रामसंघात गटाच्या वतीनं गटप्रमुख बसतात. इथे खुर्ची बाईची नाही, गटाची आहे. ती बाळंतपणाला माहेरी गेली तर गटानं बसून ठराव करावा, दुसरीचं नाव लिहावं आणि ग्रामसंघाला कळवावं. दुसरी पूर्ण हक्कानं मत देते. मात्र ठरवतो तो गट, गैरहजर बाई नाही. आपल्या जावेला परस्पर पाठवण्याचा हक्क तिला कुणी दिलेला नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या २७ व्या कलमातही हेच आहे. सभासदानं मत स्वतःच द्यायचं, प्रतिनिधीमार्फत नाही. पण एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेचे भाग घेतले असतील तर ती आपल्या एका सभासदाला तिथे मत द्यायला नेमू शकते. संस्थेला पाय नसतात, तेव्हा कुणीतरी चालत जावंच लागणार.

त्याच २७ व्या कलमात गावकऱ्यांच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. भाग संयुक्त नावावर असेल तर दाखल्यावर पहिलं नाव ज्याचं, तो हजर असल्यास मत त्याचं. तो नसेल तर दुसऱ्या नावाचं, तोही नसेल तर तिसऱ्याचं. मत एकच, पण ते देणाऱ्यांची ओळ आधीच लावून ठेवलेली. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ पासून वेगळं प्रकरण आलं, तरी ही कल्पना मला भजन मंडळांसाठी फार चांगली वाटते. गावाला सभासदत्व खरंच घराचं ठेवायचं असेल तर नियमावलीत तसं लिहा : प्रत्येक कुटुंबाची नोंद, पहिलं नाव अमुक, दुसरं नाव तमुक, आणि मत एक. म्हणजे पोरगा बाबांच्या जागी आलेला राहत नाही, तो दुसऱ्या नावानं स्वतःच्या हक्कावर आलेला असतो. त्यात दुसरं नाव आईचं घालता येईल, हेही सुचवून ठेवतो.

कारण बदली माणसाचा खरा गैरवापर झालाय तो बायकांच्या खुर्च्यांवर. महाराष्ट्रात आणि तेलंगणात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि 'सरपंचपती' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. आदिलाबादच्या मराठी माध्यमाच्या शाळेलाही ते लागू आहे. निवडलेल्या आईच्या ऐवजी बाप येऊन बसला तर पालकांचं प्रमाण कागदावर तसंच राहतं आणि निम्म्या स्त्रियांची अट मोडते. मंदिराच्या समितीत पोराला बसू दिलं तर फार तर एका मताचा घोळ होईल. इथे मात्र जागा ज्या हेतूनं राखून ठेवली तो हेतूच जातो. म्हणून जिथे राखीव जागा आहे तिथे बदली माणूस अजिबात नको, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नवऱ्याला "बस मंग" म्हणणाऱ्या अध्यक्षालाही त्यात दोषी धरावं.

ना-नफा कंपनीचं, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या आठव्या कलमाखालच्या संस्थेचं, गणित आणखी निराळं. एखादा संचालक किमान तीन महिने भारताबाहेर असेल, आणि कंपनीच्या नियमांत किंवा सर्वसाधारण सभेच्या ठरावात परवानगी असेल, तर संचालक मंडळ त्याच्या जागी पर्यायी संचालक नेमू शकतं. तो पूर्ण मत देतो. मूळचा संचालक भारतात परतला की पर्यायी उतरतो. एकच माणूस दोघांचा पर्याय होऊ शकत नाही आणि आधीच संचालक असलेल्यालाही पर्यायी करता येत नाही, म्हणजे एका माणसाच्या हाती दोन मतं जात नाहीत. सहा महिने पोरीकडे अमेरिकेत गेलेल्या संचालकाला हे लागू पडेल. आदिलाबादेत कापूस विकायला गेलेल्याला नाही.

सभासदांच्या सभेत अशा कंपनीत प्रतिनिधी फक्त दुसऱ्या सभासदालाच करता येतं. भागभांडवल नसलेल्या कंपनीत तर नियमांत तशी तरतूद असली तरच. आणि असा प्रतिनिधी सभेत बोलू शकत नाही, हात वर करून मतदान असेल तर त्याचा हात मोजत नाहीत, मतपत्रिका वाटल्या तरच त्याचं मत धरतात. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूसारखं आहे हे : क्षेत्ररक्षण करायचं, फलंदाजी नाही. २०१९ मध्ये मेंदूला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी तसाच खेळाडू उतरवायची मुभा मिळाली आणि लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी आलेला लाबुशेन ५९ धावा करून गेला. पर्यायी संचालक म्हणजे लाबुशेन आणि प्रतिनिधी म्हणजे बारावा गडी. दोघांना मैदानात एकाच नजरेनं पाहायचं नसतं.

देशाच्या निवडणुकीतही दुसऱ्यामार्फत मत आहे, पण फक्त सैन्यदलांतल्या मतदारांसाठी, २००३ पासून. गावातला नेमलेला माणूस जवानाचं मत देतो तेव्हा शाई डाव्या हाताच्या तर्जनीला न लावता मधल्या बोटाला लावतात, म्हणजे त्याचं स्वतःचं मत शिल्लक राहतं. त्या मधल्या बोटाच्या शाईत बदली मतदानाचे सगळे नियम आले आहेत : आधी नेमणूक, ठरलेला माणूस, वेगळी खूण, दोन मतांची गल्लत नाही. उलट चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या मुकदमगुडा, महाराजगुडा या गावांत सीमावादामुळे एकेका माणसाचं नाव दोन राज्यांच्या मतदार यादीत असतं. पलीकडची बाजू जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची. म्हणजे इथे एका खुर्चीवर दोन माणसं आणि तिथे दोन खुर्च्यांवर एकच माणूस.

आता त्या दोन एकरांकडे. पोराचा हात वगळला तर तीन विरुद्ध तीन. अध्यक्षाला निर्णायक मत नियमावलीनं दिलेलं असेल आणि त्यानं ते वापरलं तर ठराव तरला, नाहीतर पडला. तो ठराव पाच विरुद्ध दोननं झाला असता तर पोराचं मत काढूनही बहुमत उरलं असतं, आणि अशा वेळी न्यायालयं सहसा ठराव मोडत नाहीत. म्हणून तक्रार करणाऱ्यानं आधी बेरीज करावी. कोरमचंही पाहावं : पाचांचा कोरम असताना चार सभासद आणि एक बदली बसला असेल तर ती सभाच नव्हती, मग एकमत असलं तरी.

यावर काहीजण दुसरं टोक गाठतात : चुकीच्या माणसानं मत दिलं, तर त्यानं त्या वर्षी सही केलेले सगळे धनादेश, पावत्या रद्द! तसं नाही. नेमणुकीत दोष निघाला तरी त्या काळात अधिकारानं केलेली कामं बाहेरच्यांसाठी टिकतात, असं एक जुनं तत्त्व आहे. गोकराजू रंगराजू विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ते न्यायाधीशांच्या बाबतीत मान्य केलं, आणि कंपनी कायद्याचं १७६ वं कलम ते संचालकांना लावतं. फक्त ते तत्त्व ज्याची नेमणूक झाली होती पण सदोष होती, त्याला वाचवतं. ज्याची नेमणूकच नव्हती, नुसतं "बस मंग" होतं, त्याच्यासाठी ते फार ताणता येणार नाही.

नियमावलीत बदली सभासद आणायचाच असेल तर काही गोष्टी लिहाव्या लागतात. नाव वर्षाच्या सुरुवातीलाच द्यायचं, सभेच्या सकाळी नाही. रॉबर्टच्या परंपरेत अधिवेशनांचे पर्यायी प्रतिनिधी मुख्य प्रतिनिधींबरोबरच निवडले जातात, आणि मुख्य प्रतिनिधी चहा प्यायला बाहेर गेला म्हणून पर्यायी त्याच्या खुर्चीवर सरकत नाही, बदल रीतसर नोंदवावा लागतो. मूळ सभासद सभेच्या मध्येच आला तर त्या क्षणापासून मत कुणाचं, तेही लिहा. बदली माणसाच्या हजेरीनं मूळ सभासदाची गैरहजेरी पुसली जाते की नाही, तेही. आणि ज्याबद्दल भांडण हमखास होतं ते : अध्यक्षाच्या बदली आलेला माणूस अध्यक्ष होत नाही. सभा उपाध्यक्ष चालवतो, निर्णायक मत असलं तर ते त्याचं. खजिनदाराच्या बदली आलेल्यानं चेकबुकाला हात लावायचा नाही. इतिवृत्तात नुसतं पोराचं नाव न लिहिता "अमुक यांच्या बदली" असं लिहायचं.

छोट्या मंडळांनी हा खटाटोप टाळावा असं मला वाटतं. सात जणांच्या कार्यकारिणीत चारांचा कोरम पुरतो. वेचणीच्या दिवसांत सभाच ठेवू नये. मोठा विषय असेल तर तो चिठ्ठीनं किंवा फोनवर सगळ्यांना कळवून मत घ्यायची सोय नियमावलीत करून ठेवावी. कंपन्यांना कायद्यानंच ती दिलेली आहे, संस्थांना स्वतः लिहून घ्यावी लागते. दुरुस्तीचा ठराव सर्वसाधारण सभेत करून आदिलाबादला रजिस्ट्रारकडे दाखल करावा लागेल, आणि तोवर जुनाच नियम चालेल. पोरगा आला तर त्याला चहा द्या, बाबांचा निरोप ऐकून घ्या, इतिवृत्तात त्याचं नाव "निमंत्रित" म्हणून लिहा. आणि दोन एकरांचा विषय पुढच्या सभेवर टाका.